नऊ कोकरं आणि एक झोळी

तळावर मेंढ्या दोनशे चौदा, शेळ्या अकरा, घोडी तीन, कुत्री पाच. कोकरं एकतीस. त्यांतल्या नऊ कोकरांना मावा झाला होता, म्हणून ती बाजूला काढून बाभळीखाली वाघर लावून, म्हणजे जाळीचं कुंपण करून, ठेवली होती. मावा हा मेंढरांच्या तोंडाचा लागट रोग; नऊंच्याही ओठांवर काळपट खपल्या धरल्या होत्या. त्याच बाभळीच्या खालच्या फांदीला लुगड्याची एक झोळी टांगलेली होती.

मी कोकरं दोनदा मोजली. लस मोजून मिळते, त्यामुळे ही सवय.

"मावा झालेली नऊच ना, आबा?"

"कोकरं नऊ," सिदूआबा म्हणाले. "आन् एक झोळीतलं."

"झोळीत कोकरू कशाला ठेवलंय?"

"कोकरू न्हवं, डाक्टरीणबाई. नात हाय माझी. तिला बी मावाच हाय."

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी पशुवैद्यकाची पदवी घेऊन नुकतीच फिरत्या दवाखान्यावर लागले होते. सिदूआबांचा तळ दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या भागातून पश्चिमेकडे उतरायचा. शेतकरी दोन-तीन रात्री मेंढरं शेतात बसवून घेत, खत होई, आणि तळ पुढच्या शेताकडे सरके. पुढच्या दोन वर्षी मी त्या माळावर मुद्दाम जाऊन आले. दोन्ही वेळा तिथं दुसऱ्याच कुणाची मेंढरं होती.

त्या सकाळी आबांचं आणि माझं बरं जमलं होतं. त्यांच्या एका शेळीच्या कासेवर लोंबणारी चामखीळ मी भूल देऊन कापली, तेव्हा ते शेळीचं डोकं मांडीत धरून बसले होते.

"हात हलका हाय तुमचा. लगीन झालंया का?"

"नाही अजून."

"मग करू नगा इतक्यात. नवरा ही सुई बगूनच पळंल."

त्यांची बायको ठकूबाई चुलीपाशी खुदकन हसली होती. आता झोळीपाशी जाताना मात्र कुणी हसत नव्हतं.

ठकूबाईंनी मूल बाहेर काढलं. मुलगी होती, सहा दिवसांची. तिच्या ओठांमधून एक गुलाबी गोळा बाहेर आलेला होता. शेंगदाण्याहून मोठा, सुपारीहून लहान. तो वरच्या हिरडीला समोरच्या बाजूनं एका आखूड देठानं धरलेला होता. ती रडली की हलायचा. पृष्ठभाग गुळगुळीत. खपली नाही, फोड नाही, पू नाही. तोंड मिटायला गेलं की ओठ त्याच्यावर येऊन थांबायचे.

"हे कधी उगवलं?"

"उगवलं न्हाय. घिऊनच आली," ठकूबाई म्हणाल्या. "मीच काढली की तिला. आदी मला वाटलं जीभच बाहीर आलीया."

"मग हा मावा नाही, आबा. मावा लागल्यावर चार-पाच दिवसांनी दिसतो, आणि लागायला बाहेर यावं लागतं. पोटात कुठून लागेल?"

आबांनी पालापलीकडे पाठ करून बसलेल्या सुनेला हाक मारली.

"बानू, बोट दाव गं बाईंना."

बानू उठून आली. वीस-एकवीसची असेल. तिनं उजव्या हाताचं पहिलं बोट पुढं केलं. पेराजवळ गोल, पांढुरका वण होता. मी तो ओळखला. मावा झालेल्या कोकरांची तोंडं उघड्या हातानं धुतली की माणसाच्या बोटावर असाच एक फोड येतो आणि महिन्याभरात जातो. आमच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं.

"सातव्या म्हैन्यात धा-बारा कोकरांची त्वांडं धुतली हिनं," आबा म्हणाले. "तवाचं हाय ते. मावाच का न्हाय?"

"बोटावरचा मावाच होता."

"आन् मावा आलेलं कोकरू आईला लावलं तर मावा कासंला उतरतो. खरं का खोटं?"

"खरं."

"कास सुजती, सड फुटत्यात, मेंढी बी जाती आन् कोकरू बी. खरं का खोटं?"

"खरं, पण ते मेंढीचं…"

"मग आमी काय चुकीचं केलं ते सांगा."

काय केलंय ते मला तेव्हा कळलं. बानूनं चोळीखाली छातीवर कापड करकचून गुंडाळलेलं होतं. आबांचा जुना पटका फाडून त्याच्या पट्ट्या केल्या होत्या. कोकरू दुधापासून तोडलं की मेंढीच्या कासेला पिशवी बांधतात, तसं. मुलीला पहिल्या दिवसापासून अंगावर घेतलेलं नव्हतं. ठकूबाई शेळीच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्यानं तोंडाच्या कडेनं ते पिळत होत्या. निम्मं हनुवटीवरून खाली यायचं.

आबांनी मांडलेला प्रत्येक मुद्दा बरोबर होता. फक्त त्या गोळ्याचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. पण मग तो गोळा काय आहे, ते मला सांगता येत नव्हतं. वासराच्या तोंडातला असता तर मी चार शक्यता सांगितल्या असत्या.

"वजन करू का हिचं?" मी विचारलं. करण्यासारखं तेवढंच सुचलं.

कोकरं तोलायचा ताणकाटा मी फांदीला अडकवला. कापडी झोळणा धुतलेला होता, तरी ठकूबाईंनी त्यात स्वतःच्या पदराचं टोक अंथरलं. काटा दोन किलोच्या रेषेखाली थांबला. नेमकं किती खाली ते कळेना. त्या काट्याचं लघुतम माप शंभर ग्रॅम होतं. त्याहून बारीक फरक त्याला दिसत नाही.

"जल्मली तवा हाताला जड हुती," ठकूबाई म्हणाल्या.

आबा माझ्या पेटीकडं बघत होते.

"मगाशी शेळीचं कापलंत तसंच हाय की हे. देठ हाय. तसलंच बिलेड लावा. मी डोकं धरतो."

"मला माणसाचं करता येत नाही, आबा."

"येत न्हाय का करत न्हाय?"

"दोन्ही. कायद्यानं हात लावायचा नाही, आणि रक्त थांबलं नाही तर एवढ्याशा जिवात किती असतं ते मला माहीत नाही."

"बरं. मग सकाळी मी घोडीच्या शेपटीचा केस बांधतो. चार दिसांत गळून पडंल. मेंढराच्या चामखिळीला तेच करतो आमी."

"आणि झोपेत गळून घशात गेलं तर?"

 केस बांधायचं मनात पक्कं असलं तरी हा प्रश्न आबांनाही पडलेला असावा, कारण पाच दिवस त्यांनी तो बांधला नव्हता.

बांधावर चढलं की फोनला रेंज यायची. मी मुलीच्या तोंडाचा फोटो काढून शाहीनला पाठवला. शाहीन नदाफ माझी अकरावी-बारावीची मैत्रीण, जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात दातांच्या विभागात होती. पाचेक मिनिटांत तिचा फोन आला.

"गौतमी, हे कुठं मिळालं तुला? मी पुस्तकातच पाहिलंय. सरांना दाखवलं. हिरडीवरची जन्मतःची गाठ आहे. कर्करोग नाही, संसर्गही नाही. देठापाशी कापायची, संपलं. घेऊन ये."

"केव्हा?"

"आजच. गाठीची घाई नाही, पण बाळाचे गाल बसलेत. अंगावर पाजतायत ना?"

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आईला घेऊन ये. आजीला एकटीला पाठवू नकोस."

खाली आल्यावर तेच झालं. आबांचा विचार असा की ठकूबाई मूल घेऊन जाईल आणि बानू तळावर राहील. बानूचा नवरा पुढचं रान बघायला गेला होता. तीन वर्षांचा मोठा मुलगा आईच्या पाठीला चिकटून उभा होता. परवा पहाटे शेत सोडायचं होतं.

"कापल्यावर तिला प्यायला लागेल," मी म्हणाले. "तेव्हा आई नको का?"

"आता काय ऱ्हायलंय तितं?" आबा म्हणाले. राग नव्हता. मेंढीची कास चाचपून माणूस सांगतो, त्या आवाजात म्हणाले. "बांधल्याला पाच दिस झालं. आटली ती."

"सा," ठकूबाई म्हणाल्या. "पाच न्हवं, सा दिस."

"तेच म्हनतुया मी."

बानू आता माझ्याकडं बघून म्हणाली, "ती रडली का हितं वलं व्हायाचं. कापड भिजायचं. कालधरनं न्हाय व्हत." मग सासऱ्याकडं न बघता पुढं म्हणाली, "मी जानार हाय. पोराला तुमी बगा."

"आन् भाकरी कोन थापनार?"

"तुमीच. पटका फाडताना हात बरं चाललं की तुमचं."

ठकूबाईंनी तोंडाला पदर लावला. आबांनी पटका, म्हणजे डोक्यावरचा चांगला पटका, काढला, झटकला आणि परत बांधला.

"दोन दिस," ते म्हणाले. "परवा मी तळ हालवनार. तवर दूध आलं तर आलं. न्हाय तर शेळीवर वाढवू. कोकरं वाढत्यात की."

रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच आली. तिथपर्यंत आम्ही चालत गेलो. गाडी हलल्यावर बानूनं आमच्याकडं पाठ केली आणि पट्ट्या सोडल्या. बऱ्याच निघाल्या. ठकूबाई त्या एकेक घेऊन गुंडाळत राहिल्या, जणू पुन्हा लागणार होत्या.

"आता यील का वो?" बानूनं विचारलं.

मेंढीचं मला सांगता आलं असतं. तीन दिवस पिळलं नाही की कासेत काय होतं, आठवड्यानं काय होतं, त्याचे तक्ते मी पाठ केलेले होते. ते सांगण्यात अर्थ नव्हता.

"माणसांचं मला माहीत नाही," मी म्हणाले. "तिथं विचारू."

रुग्णालयात शाहीनच्या सरांनी मुलीला दिव्याखाली घेतलं. उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी एका बोटानं गोळा हळूच एका बाजूला सारला आणि दुसऱ्या हाताची करंगळी मोकळ्या बाजूनं तिच्या तोंडात दिली. मुलीनं रडणं थांबवलं. तिचे गाल आत-बाहेर होऊ लागले.

"बाजूनं ओढतेय की," सर शाहीनला म्हणाले. "चांगली ओढतेय. थोडं धरून पाजलं असतं तर प्यायली असती."

ते पुढच्या रुग्णाकडं वळले. ठकूबाईंनी माझा दंड धरला.

"काय म्हनलं त्ये?"

मी बानूकडं बघितलं. ती ऐकत होती. मी सरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. दुसरं काही जुळवून सांगण्याइतकी मी हुशार नव्हते.

ठकूबाई बराच वेळ मुलीच्या गालांकडं बघत राहिल्या.

"बोळ्यानं पाजताना माजं बोट जायाचं आत," त्या म्हणाल्या. "वढायची. मला वाटायचं, मावा खाजतोय तिला."

बानूनं मुलीला त्यांच्याकडून घेतलं. ओढून नाही, पण मागितलंही नाही.

रात्री मुलीला सलाइन लावलं, तोंडानं काही द्यायचं नव्हतं; गाठ दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. आम्ही तिघी दाराबाहेर बाकावर होतो. ठकूबाईंनी शेजारच्या बाईला आपण कुठल्या, तळ कुठं, मेंढरं किती हे सगळं सांगितलं, आणि मूल कशासाठी आणलं ते सांगायची वेळ आली तेव्हा उठून पाणी प्यायला गेल्या. त्या परत येण्याआधीच दार उघडलं.

शाहीननं बाटली दाखवली. द्रावात तो गोळा तळाशी बसला होता, फिकट पडलेला.

"अठरा मिलिमीटर. तपासायला पाठवतो, पण साधीच आहे. परत येणार नाही."

"एवढंच?" बानूनं विचारलं.

"एवढंच."

बानूनं बाटली हातात घेतली, उजेडाकडं धरली आणि परत दिली. तिच्या बोटावरचा तो वण काचेला टेकलेला मला दिसला.

दुपारी शाहीन मला व्हरांड्यात घेऊन गेली. बालरोगाच्या डॉक्टरांशी ती बोलून आली होती. जन्मावेळचं वजन कुणी घेतलंच नव्हतं, त्यामुळे किती घटलं ते सांगता येत नव्हतं. पण यापुढं घटता कामा नये. आईला थोडं तरी दूध असेल, तर वारंवार लावून ते वाढतं. मग सकाळी घरी सोडतील. अजिबात नसेल, तर मुलीला वाटी-चमच्यानं वरचं दूध देत इथंच ठेवावं लागेल, पंधरा-वीस दिवस तरी. पाणी घातलेल्या शेळीच्या दुधावर, रोज नव्या रानात, हे मूल टिकणार नाही.

मी ते दोघींना सांगितलं.

"पंधरा-ईस दिसांत तळ घाटाखाली जाईल," ठकूबाई म्हणाल्या. "आमी कुटं हुडकायचा? आन् तिकडं पोरगं ह्ये हिच्याबिगार जेवत न्हाय."

"म्हणून आधी दूध आहे का ते बघू," मी म्हणाले.

"दाबून बगितलं मगाशी," बानू म्हणाली. "थेंब आला. येकच आला. पानी का दूध, कळंना."

मुलीला संध्याकाळपर्यंत तोंडानं काही द्यायचं नव्हतं. चारच्या सुमारास सिस्टरनी परवानगी दिली. लुसी सिस्टर म्हणून होत्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज खणखणीत.

"आधी वजन," त्या म्हणाल्या. "मग पाजायचं. मग परत वजन. दुपटं तेच, कपडे तेच, शी-शू केली तरी काही काढायचं नाही. जेवढं वाढेल तेवढं पोटात गेलं."

मला ती पद्धत ठाऊक होती. कोकरांवर आम्ही तीच करायचो. ती ऐकून मला पहिल्यांदाच बरं वाटलं, आपण ओळखीच्या ठिकाणी आलो असं.

काटा विजेचा होता, वर पांढरा पाळणा. मी खाली वाकून त्याच्यावरची पट्टी वाचली. लघुतम माप पाच ग्रॅम. आकडे पाचाच्या पटीतच दिसणार; एका पायरीचा फरक नुसता काट्याचाही असू शकतो.

मुलीला दुपट्यासकट ठेवलं. आकडा हलत राहिला, मग थांबला. एक किलो आठशे पासष्ट.

बानू खाटेवर भिंतीला टेकून बसली. ठकूबाईंनी तिच्या पाठीमागं आपली वाकळ दिली आणि ती सारखी करत राहिल्या. मुलीचं तोंड आता पूर्ण मिटत होतं. ती सगळ्या बाळांसारखी दिसत होती आणि त्यामुळं मला क्षणभर ओळखू आली नाही. तिनं दोनदा चुकीच्या जागी तोंड मारलं. तिसऱ्यांदा लुसी सिस्टरनी डोक्यामागं हात देऊन लावलं, आणि तिनं धरलं.

बानूनं डोळे मिटले.

"धरली?" ठकूबाईंनी विचारलं.

"व्हय."

"वढतीया?"

"लई जोरात."

"येतंय का?"

बानूनं डोळे उघडले नाहीत. "ती वढतीया ते कळतंय. येतंय का न्हाय, ते न्हाय कळत मला."

मी मुलीचा घसा बघत होते. कोकरू खरंच पितं तेव्हा गिळण्याचा बारीक ठेका दिसतो. दिसतोय असं मला दोनदा वाटलं. पण मला तो दिसायला हवा होता, आणि ज्याला काही दिसायला हवं असतं त्याच्या नोंदी धरायच्या नसतात, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं होतं. मी खिडकीकडं बघू लागले.

"थानाला लागंल का गं काय?" ठकूबाई हळूच म्हणाल्या. मावा म्हणायचं त्यांनी टाळलं.

"लागू दे," बानू म्हणाली.

दुसऱ्या बाजूलाही लावलं. मुलगी ओढत राहिली, मग ओढणं मंदावलं, मग ओठ सुटले. ती झोपली होती. पोट भरून झोपली का दमून झोपली, ते तिच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. ओठांना ओल होती. ती कशाचीही असू शकत होती.

ठकूबाईंच्या कमरेला फोन वाजला. आबा होते. आवाज एवढा मोठा की आम्हाला सगळं ऐकू आलं. पोरगं भाकरी खात न्हाय. वाघरीतल्या दोन कोकरांच्या खपल्या पडल्या. रानमालक म्हणतोय उद्या उठायलाच पायजे. दूध आलं का?

"बगतोय," ठकूबाई म्हणाल्या.

"बगतोय म्हंजी? हाय का न्हाय?"

"बगतोय म्हनलं न्हवं! ठिवा."

लुसी सिस्टरनी मुलीला दुपट्यासकट उचललं. बानू खाटेवरून उतरली आणि अनवाणी काट्यापाशी येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, ठकूबाईंनाही नाही. दोघीही आकड्यांकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"कुणी हात लावू नका पाळण्याला," सिस्टर म्हणाल्या.

ठकूबाईंनी पदर आवरून घेतला. आकडा वर गेला, खाली आला, परत वर गेला. मुलगी झोपेत एकदा हलली. आम्ही ती स्थिर होईपर्यंत थांबलो.

"किती?" बानूनं विचारलं.

मी वाकून वाचलं.

एक किलो आठशे सत्तर.